हळदीकुंकवानंतरचे महिने

(दृश्य: हॉलच्या दारात अत्तर, तिळगूळ, वाणाच्या टोपल्या)

निवेदन :
१० जानेवारी हा इनरव्हील दिन. इनरव्हील म्हणजे रोटरी या सेवासंस्थेतल्या सदस्यांच्या पत्नींनी सुरू केलेली महिलांची सेवासंघटना. त्याला लागूनच येते संक्रांत. आपल्याकडच्या इनरव्हील क्लबांना नव्या मैत्रिणी भेटतात त्या याच दिवसांत. कोणी शेजारणीसोबत येते, कोणी जावेसोबत. वाण मिळतं, फोटो निघतो, नंबर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो.

आणि मग बरेचदा काहीच होत नाही. ग्रुपवर सुप्रभात येतं, कार्यक्रमाला कोणत्या रंगाची साडी नेसायची ते कळतं. काम मात्र कोणी सांगत नाही. दिवाळीपर्यंत ती ग्रुपमधून बाहेर पडलेली असते. "हल्लीच्या बायकांना समाजसेवेची आवड नाही," असं मग म्हटलं जातं. आम्हाला ते पटत नाही.

(दृश्य: मँचेस्टरची जुनी छायाचित्रं)

या संघटनेची सुरुवातच कामातून झाली. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या रोटरी सदस्यांच्या पत्नी मदतकार्यात राबल्या होत्या. युद्ध संपलं तरी त्यांना हात आखडता घ्यायचा नव्हता. नोव्हेंबर १९२३ मध्ये मँचेस्टरला २७ जणी जमल्या, त्याही एका टर्किश बाथच्या, म्हणजे वाफेच्या सार्वजनिक स्नानगृहाच्या, खोलीत. १० जानेवारी १९२४ ला क्लब रीतसर सुरू झाला. पुढाकार मार्गारेट गोल्डिंग यांचा. त्या परिचारिका होत्या, शिवाय व्यवसाय सांभाळत होत्या. म्हणजे पहिली अध्यक्षच कामावर जाणारी बाई!

पुढे कित्येक वर्षं सभासदत्व रोटरीशी असलेल्या नात्यावरच मिळत राहिलं. २०१२ मध्ये नियम सैल झाला. नातं नसलं तरी क्लबानं बोलावलं आणि बहुसंख्य सभासदांनी होकार दिला, की प्रवेश मिळतो. पण बऱ्याच क्लबांची मीटिंग अजूनही भर दुपारी, कामाच्या दिवशी. तेव्हा शिक्षिका वर्गावर असते, दुकानदारीण गल्ल्यावर. बोलावणं गेलं तरी त्यांनी यायचं कधी?

(दृश्य: शाळेचा व्हरांडा, मुलींची रांग)

तालुक्याच्या गावातल्या एका क्लबानं वेळेचाच विचार आधी केला. शाळेत मुलींची हिमोग्लोबिन तपासणी आहे. रजिस्टरमध्ये नाव, इयत्ता, आकडा लिहिणारी सभासद बँकेत नोकरी करते. आज दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. तारीख तिला विचारूनच धरली. एका मुलीचा आकडा ८.२ येतो, म्हणजे बराच कमी. सभासद त्याखाली लाल रेघ ओढते आणि शाळेच्या बाईंना विचारते, "हिच्या आईला कधी भेटता येईल?" पदग्रहण समारंभात पाहुण्यांच्या स्वागतापुरती उभी केली असती, तर बँकेतली ही सभासद टिकली नसती.

(दृश्य: जून महिना, ट्रेझररचं घर, वर्गणीची वही)

क्लबाचं वर्ष ३० जूनला संपतं. १ जुलैपासून अध्यक्ष नवी, तिचे प्रोजेक्ट नवे. जुनं काम अर्ध्यावर राहिलं, की ते करणारीही हळूच बाजूला होते. या क्लबात मात्र नव्या अध्यक्षेकडे कॉलरसोबत, म्हणजे गळ्यात घालायच्या पदचिन्हासोबत, तपासणीचं रजिस्टरही जातं.

वर्गणी न आलेल्यांना ट्रेझरर मेसेज पाठवत नाहीत, फोन करतात.

"काकू, यंदा घरात दहावी आहे हो. माझं नाव कमी करा."

"नाव कशाला कमी करू? मार्चपर्यंत मीटिंगला येऊ नकोस. बिलं तुझ्याकडे पाठवते, हिशेब तेवढा घरून बघ."