विंडोजवरून मॅकवर आलात? फोटो उघडू नका, आधी निवडा

नमस्कार. विंडोज सोडून मॅक घेतलेल्यांचा एकच प्रश्न सारखा येतोय: "फोल्डरमधला एक फोटो उघडला, अ‍ॅरो दाबला, पण पुढचा फोटो येतच नाही. मशीन बिघडलंय का?" काहीही बिघडलेलं नाही.

फाइंडर म्हणजे तिकडचा फाइल एक्सप्लोरर, प्रीव्ह्यू म्हणजे फोटो आणि पीडीएफ दाखवणारं अ‍ॅप, आणि कंट्रोलऐवजी बहुतेक ठिकाणी कमांड. एवढं एव्हाना कळलंच असेल, पुढे जाऊ.

विंडोजच्या फोटो अ‍ॅपला एक फोटो दिला की त्या फोल्डरमधले बाकीचे फोटो ते स्वतःच शोधून घेतं. प्रीव्ह्यू असं करत नाही. तुम्ही त्याच्या हाती जेवढ्या फाइल द्याल तेवढ्याच तो दाखवतो. डबल क्लिक केलंत एकावर, म्हणजे त्याच्याकडे फाइल एकच. अ‍ॅरो दाबून तो जाणार कुठे?

(स्क्रीनवर: फाइंडरमध्ये फोटोंचं फोल्डर)

म्हणून डबल क्लिक नको. फोटोवर एकदाच क्लिक करा आणि स्पेसबार दाबा. याला क्विक लुक म्हणतात. आता अ‍ॅरो दाबा आणि लक्ष मागच्या फाइंडरकडे ठेवा. निवड एका फोटोवरून दुसऱ्यावर सरकतेय, आणि समोरचा मोठा फोटो तिच्या मागोमाग बदलतोय. बघितलंत? फोटो उघडलेलाच नाही, फक्त निवडलाय.

"आम्ही स्पेसबार दाबला, तरी उजव्या अ‍ॅरोने काही होत नाही," अशा कमेंट येतात. तुम्ही लिस्ट व्ह्यूमध्ये आहात. तिथे फाइल एकाखाली एक असतात, तेव्हा खालचा-वरचा अ‍ॅरो वापरा. आयकॉन व्ह्यूमध्ये डावा-उजवा चालतो.

आता तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने. 300 पैकी 40 फोटोच बघायचेत? कमांड धरून ते 40 क्लिक करा, मग स्पेसबार. आता अ‍ॅरो त्या 40 मध्येच फिरतो, बाकीचे मध्ये येत नाहीत. कमांड-रिटर्न दाबलंत तर सगळे छोट्या चौकोनांत एकत्र दिसतात. ऑप्शन-कमांड-वाय दाबलंत तर पूर्ण स्क्रीनवर स्लाइड शो.

आणि तिसऱ्या बाजूने, ज्यांना प्रीव्ह्यूच हवाय त्यांच्यासाठी. आधी कमांड-ए, म्हणजे सगळे निवडले. मग कमांड-ओ. डावीकडे छोट्या चित्रांची पट्टी येते, अ‍ॅरो चालतो. प्रत्येक फोटोची वेगळी विंडो उघडली तर प्रीव्ह्यूच्या सेटिंग्जमध्ये, इमेजेस या भागात, सगळ्या फाइल एकाच विंडोत उघडण्याचा पर्याय निवडा. फोल्डरमध्ये व्हिडिओ असतील तर कमांड-ए त्यांनाही निवडतं आणि ते आपापल्या अ‍ॅपमध्ये सुरू होतात. आधी काइंडप्रमाणे, म्हणजे फाइलच्या प्रकाराप्रमाणे, सॉर्ट करून फक्त फोटो निवडा. शेकडो फोटो असतील तर मात्र प्रीव्ह्यू नको, क्विक लुकच बरं.

आणि कृपा करून एंटर दाबू नका! फाइंडरमध्ये एंटर म्हणजे नाव बदलणं. विंडोजच्या सवयीने एंटर दाबून अ‍ॅरो दाबायला जावं, आणि कर्सर फाइलच्या नावात फिरत बसावा, हे फार होतं. चुकून झालं तर एस्केप दाबा.

रोज फोटो चाळणाऱ्यांनी कमांड-4 लक्षात ठेवा. वर मोठा फोटो, खाली पट्टी. याला गॅलरी व्ह्यू म्हणतात, तो 2018 च्या मोहावे या मॅकओएस आवृत्तीपासून आहे. फोटोंऐवजी नुसती एकसारखी आयकॉन दिसत असतील तर आयकॉन व्ह्यूमध्ये कमांड-जे दाबा आणि "शो आयकॉन प्रीव्ह्यू"वर खूण आहे का बघा. तिथेच "यूज अ‍ॅज डिफॉल्ट्स" आहे, म्हणजे प्रत्येक फोल्डरला पुन्हा तेच करायला नको.

जुनी हार्ड डिस्क जोडली, फोटो दिसतात, पण डिलीट होत नाहीत? ती एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटची असणार. मॅक ती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे चालायला एक्सफॅट हा फॉरमॅट लागतो, पण फॉरमॅट केलं की डिस्क पुसली जाते. आधी सगळं दुसरीकडे कॉपी करा, कॉपी उघडून तपासा, मगच फॉरमॅट.

काही जण मॅकच्या फोटोज अ‍ॅपमध्ये सगळं ओढून टाकतात. सेटिंग बदललं नसेल तर ते लायब्ररीत वेगळी प्रत करतं. तिथे डिलीट केलेला फोटो तुमच्या मूळ फोल्डरमध्ये तसाच राहतो.

एवढं करूनही डबल क्लिक आणि अ‍ॅरोच हवा असेल, तर एक्सएनव्ह्यू एमपी हे फोटो बघायचं अ‍ॅप घ्या. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, खाजगी वापराला मोफत. टाकल्यावर एका जेपीजी फाइलवर कमांड-आय, "ओपन विथ"मध्ये ते निवडा आणि खालचं "चेंज ऑल" दाबा. हे बटण राहिलं तर बदल त्या एकाच फोटोपुरता होतो. पीएनजीसाठी पुन्हा करा, एचईआयसीसाठी (आयफोनच्या फोटोंचा फॉरमॅट) पुन्हा. एका प्रकाराचा बदल दुसऱ्याला लागू होत नाही.