काजळीतला हिरा आणि डेडस्टॉक रजिस्टर

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय 'नॅनोहिरे : निर्मिती आणि उपयोग'. माझं मात्र आधी एक गाऱ्हाणं आहे. नॅनोहिरे म्हणजे हिऱ्याचे अतिसूक्ष्म कण, आणि या वस्तूचं बारसंच चुकलंय. 'हिरा' म्हटल्याने घोटाळा झाला. 'काजळी' म्हटलं असतं, तर माझी तीन महिन्यांची पायपीट वाचली असती.

कॉलेजात असताना आम्ही पाच ग्रॅम नॅनोहिरे मागवले. प्लास्टिकच्या डबीतून आले; राखाडी पूड, बंबातली राख वस्त्रगाळ केल्यासारखी. बिलावर मात्र 'डायमंड'! लेखाविभागातले भाऊसाहेब म्हणाले, "सर, कन्झ्युमेबलमध्ये कसं टाकू? हिरा काय संपतो का? डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या रजिस्टरला घ्या." मी डबी उघडून दाखवली. त्यांनी आधी आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "सर, फसवलं तुम्हाला."

थांबा, हसू नका एवढ्यात. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. पाच ग्रॅम म्हणजे पंचवीस कॅरट! सोनाराचा दाखला आणा म्हणाले. गेलो. सोनाराने भिंग लावलं, चिमूट बोटांवर चोळली, हात धुतले आणि मला चहा पाजला. सांत्वनाचा. शेवटी बिल निघालं ते 'पॉलिशची पावडर' म्हणून. गंमत म्हणजे ते खोटं नव्हतं. अतिशय गुळगुळीत पॉलिश करायला ही पूड खरोखरच वापरतात.

आता ही राख आली कुठून? १९६३ साली सोव्हिएत संघात, स्नेझिन्स्कच्या अणुशस्त्र केंद्रात, स्फोटानंतर उरलेली काजळी तपासताना त्यात हिऱ्याचे कण सापडले. टीएनटी आणि आरडीएक्स या स्फोटकांचं मिश्रण बंद पोलादी कोठीत उडवायचं. (पहिल्या रांगेतले काका दचकले, काका, सूत्र सांगत नाहीये.) त्यात ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून सगळा कार्बन जळत नाही. दाब वातावरणाच्या दोन-तीन लाख पट, तापमान तीन हजार अंशांच्या पुढे, आणि हे सगळं सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात. लगेच थंड केलं नाही, तर झालेल्या हिऱ्याचं पुन्हा ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीतला काळा कार्बन, होतं. म्हणून कोठीत वायू, पाणी, नाहीतर चक्क बर्फ ठेवतात. उरलेली काजळी तीव्र आम्लात उकळली की हाती राहतात चार-पाच नॅनोमीटरचे कण. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) एका कणात अणू किती? पाच-दहा हजार. सगळा प्रकार गुप्त. जगाला नीट कळला १९८८ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९८७ साली, अयेंदे उल्केत (ही मेक्सिकोत १९६९ मध्ये पडली) असेच कण सापडले होते, आणि त्यातले निदान काही सूर्याहून जुने...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे 'उपयोग' आता धावत.

हे कण एकमेकांना घट्ट चिकटतात. जपानच्या एइजी ओसावांनी ते बारीक मण्यांच्या गिरणीत दळून सुटे केले. मग वंगणात घाला, निकेलच्या मुलाम्यात घाला, पृष्ठभागावर कर्करोगाचं औषध चिकटवा. उंदरांवर ते करून झालंय. दुसरी जात चमकणारी. हे बहुधा कारखान्यातले मोठे हिरे दळून करतात. स्फटिकात एका जागी कार्बनऐवजी नायट्रोजन आणि शेजारची जागा रिकामी. हिरवा प्रकाश टाकला की लाल उजेड येतो, आणि तो विटत नाही. त्या उजेडात पडणाऱ्या फरकावरून चुंबकक्षेत्र मोजता येतं. २०१३ साली जिवंत पेशीच्या आतलं तापमानही मोजलं.

वेळ संपली. ती डबी आणलीय मी. चहाच्या वेळी बघा, फक्त झाकण उघडायच्या आधी पंखा बंद करा.