रंगाच्या आधी

(दृश्य: काळवंडलेला दिवाणखाना. वितळून भिंतीवर ओघळलेला स्विचबोर्ड. जमिनीवर राखेचं पाणी.)

निवेदन:
आग विझली. बंब गेले, बघे पांगले. ‘शिर सलामत तर पगडी पचास,’ असं येणारा प्रत्येक जण सांगून जातो. खोटं नाही ते. पण उद्या मुलांनी शाळेत काय घालून जायचं, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या आज रात्रीपुरत्या कुठून आणायच्या, हे काही त्या म्हणीने सुटत नाही.

जळालेल्या घरात शिरल्यावर पहिली ऊर्मी येते ती झाडू हातात घ्यायची. नेमकं तेच टाळायचं असतं. आधी फोटो: प्रत्येक खोली, प्रत्येक भिंत, उघडं कपाट, बंद कपाट. काजळीवर ओलं फडकं फिरवलं की ती भिंतीत आणखी मुरते. ती कोरडीच काढावी लागते. आणि आगीतून वाचलेलं बरंच काही पाण्याने जातं. बंबाचं पाणी गाद्यांत, लाकडात, पुस्तकांत साचून राहतं आणि एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते.

(दृश्य: ओल्या कागदांचा गठ्ठा, एकमेकांना चिकटलेली पानं.)

निवेदन:
हा गठ्ठा उन्हात ठेवू नका आणि पानं सोडवायला जाऊ नका. पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. ऐकायला विचित्र वाटतं, पण 1988 साली लेनिनग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाला आग लागली, तेव्हा भिजलेली पुस्तकं अशीच गोठवली होती. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. सवडीने वाळवता येतो.

(दृश्य: टेबलावर वही. आई लिहितेय, मोठा मुलगा फोनमध्ये जुने फोटो चाळतोय.)

निवेदन:
विम्यासाठी यादी हवी. काय काय होतं, कधी घेतलं, केवढ्याला घेतलं. डोळे मिटून मनातल्या मनात स्वयंपाकघरात शिरायचं आणि एकेक खण उघडायचा. चमचे किती? डबे किती? तिसऱ्या खणाशी आई थांबते. मग फोन पुढे येतो. वाढदिवसाचा फोटो मोठा करून बघतात, पण केक कापणाऱ्या मुलीकडे कुणाचं लक्ष नाही. सगळे तिच्या मागचं शेल्फ मोजताहेत.

पॉलिसीतली एक ओळ इथे फार महत्त्वाची ठरते. भरपाई जुन्याच्या जागी नवं घेण्याइतकी, की घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, वजा करून? दहा वर्षं वापरलेल्या कपाटाचं घसारा काढल्यावर काय उरतं, याचा हिशेब अनेकांना आगीनंतरच कळतो. पॉलिसी घेताना ही ओळ कोण वाचतं म्हणा!

(दृश्य: अभियंता छताला हातोडी मारून ऐकतो. आधी खणखणीत आवाज, मग बद्द.)

निवेदन:
हा बद्द आवाज म्हणजे आतून सुटलेलं काँक्रीट. खोली पूर्ण पेटली की छताजवळचं तापमान 600 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं. स्लॅबमधल्या सळ्या काँक्रीटच्या जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर आत असतात, आणि 600 अंशांच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्यावर येते. थंड झाल्यावर त्यातली बरीचशी परतही येते. किती, ते पोलादाच्या जातीवर आणि ते किती तापलं यावर.

काँक्रीट मात्र खुणा ठेवतं. साधारण 300 अंशांपुढे तापलेलं काँक्रीट बऱ्याचदा गुलाबीसर होतं. म्हणून छताचा एक गोल तुकडा कापून काढतात आणि गुलाबी रंग किती खोल गेलाय ते बघतात. पृष्ठभागापासून मिलिमीटरभरच असेल, तर बरंचसं छत वाचतं. सळ्यांपर्यंत पोचला असेल, तर पुढच्या तपासण्या आल्या, आणि कदाचित छत पाडणंही. लाकडी तुळई काळी ठिक्कर दिसते म्हणून लगेच फेकू नये. लाकूड मिनिटाला 0.6 ते 0.8 मिलिमीटरच्या आसपास कोळसा होत जातं, त्यामुळे जाड तुळईचा गाभा पुष्कळदा शाबूत असतो. आगीत दिसतं ते आणि असतं ते, यांत बरंच अंतर असतं.

घरच्यांना एव्हाना रंगाची घाई झालेली असते. साहजिक आहे. भाड्याच्या दोन खोल्यांत पाच माणसं राहताहेत, पांढरी भिंत दिसली की काहीतरी संपल्यासारखं वाटेल. पण प्लास्टरमध्ये धूर मुरलेला असताना रंग दिला, तर पहिल्याच दमट दिवसात वास पुन्हा बाहेर येतो. जळकं प्लास्टर खरवडायचं, उरलेल्यावर वास कोंडणारा प्रायमर द्यायचा, मग रंग. वायरिंग तर सगळं नवंच. वायरींचं प्लास्टिक जळताना निघालेलं आम्ल काजळीत बसतं. वरून धड दिसणारा टीव्हीही काही आठवड्यांनी आतून गंजून बंद पडू शकतो.

(दृश्य: भाड्याच्या खोलीत रात्र. धाकटी जागी.)

निवेदन:
शेजारी कुणी काडी ओढली तरी ही उठून बसते. वासाची आठवण अशी अवेळी येते. तिला रोज ‘काही होत नाही’ म्हणण्यापेक्षा आजीने वेगळं केलं: झोपण्याआधी दोघी मिळून गॅस बंद आहे का बघतात, दाराची किल्ली कुठे आहे ते मोठ्याने म्हणतात. मुलीची झोप लगेच सुधारली नाही. आजीची सुधारली.

(दृश्य: नवं घर. छताला पांढरी गोल तबकडी.)

निवेदन:
धुराचा अलार्म झोपायच्या खोल्यांबाहेर लावलाय. पहिल्याच आठवड्यात तव्यावरच्या धुराने तो ठणाणा बोंबलला. आजी वैतागून म्हणाली, काढून टाका ते. वडिलांनी तो काढला, स्वयंपाकघरापासून जरा लांब नेऊन परत ठोकला आणि धाकटीला स्टुलावर चढवून तपासणीचं बटण दाबायला लावलं.