आधी कानस, मंग कोडिंग

(तालुक्याच्या गावातल्या व्याख्यानमालेत वर्कशॉपच्या एका शिक्षकांनी केलेलं भाषण, थोडं संपादन करून)

मंडळी, मला सांगितलं होतं की रोबोटिक्सवर बोला पण पालकांना समजेल असं बोला. तर आधीच सांगतो, मी इंजिनियर नाही, आयटीआयचा फिटर आहे आणि बरीच वर्षं शाळेच्या वर्कशॉपमध्ये पोट्ट्यांना कानस कशी धरायची ते शिकवतोय, त्यामुळे रोबोटकडेसुद्धा मी फिटरच्याच नजरेनं बघतो. ज्यांना एआय वगैरे ऐकायचंय त्यांनी खुशाल चहा घेऊन यावं. (हशा)

नववीच्या वर्गात मी पहिल्याच तासाला विचारतो, कोणाच्या वावरातल्या मोटरला ऑटो स्टार्टर आहे? भराभर हात वर होतात. मंग म्हणतो सांगा बरं तो काय करते. रात्री लाईन आली हे त्याला कळते, तिन्ही फेज बरोबर आहेत का बघते, थोडा वेळ थांबते आणि मंग मोटर सुरू करते, आणि हे सगळं होईस्तोवर तुमचे बाबा घरी घोरत असतात. ओळखायचं, ठरवायचं, करायचं. रोबोटमध्ये एवढंच असते, फक्त ठरवायचं काम आपण लिहिलेल्या प्रोग्रामनं होते आणि तो प्रोग्राम पाहिजे तेव्हा बदलता येते. सिनेमातला चालणारा बोलणारा लोखंडी माणूस डोक्यातून काढला की अर्धी भीती तिथंच जाते.

आता एक तक्रार. २०१६ पासून नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅबची योजना आहे, म्हणजे शाळेतच पोरांनी हातानं वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा, सहावी ते बारावीच्या पोरांसाठी, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. योजना चांगलीच आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण काही ठिकाणी मी काय पाहिलं, की रोबोट बनवायचं किट आलं, फोटो निघाले, आणि सामान गेलं कपाटात. काऊन? तर म्हणे सर, सेन्सर जळला तर ऑडिटला काय दाखवायचं. अहो जळणारच ना तो! पोरगं शिकत असलं की दोन-चार सेन्सर जळतातच, वर्कशॉपमध्ये हेक्साचं पातं तुटलं म्हणून कोणी कधी चौकशी लावली का?

आणि जिथं किट बाहेर निघते तिथं दुसरीच गंमत. सगळं रेडिमेड. भोकं पाडलेली चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, स्क्रू मोजून दिलेले, प्रोग्राम मोबाईलवरून उतरवलेला, तासाभरात गाडी पळायला लागली, टाळ्या. त्या पोराला विचारा की चाक डाव्या बाजूला काऊन ओढून राह्यलं, तर ते तुमच्या तोंडाकडे बघते. म्हणून आमच्याकडे चेसिस पोरंच कापतात, प्लायवूडची नाहीतर जुन्या ॲल्युमिनियमच्या पट्टीची. आधी रेघ मारायची, पंच मारायचा, मंग ड्रिल, मंग कानस. पिवळी बीओ मोटर असते ना, गिअरवाली, बाजारात कुठंही भेटते, ती दोन्ही बाजूंना एका रेषेत बसली नाही की गाडी सरळ जात नाही. आणि एका रेषेत बसली तरी जात नाही! कारण एकाच पाकिटातल्या दोन मोटरसुद्धा सारख्या फिरत नाहीत. मग एका मोटरला २५५ द्यायचं आणि जास्त पळणारीला २३० वगैरे देऊन बघायचं, आर्डुइनोमध्ये, म्हणजे ज्या छोट्या बोर्डावर आपला प्रोग्राम चालते त्यात, वेग असा ० ते २५५ च्या आकड्यात देतात, आणि हा नेमका आकडा कोणत्याच पुस्तकात नसते, तो जमिनीवर खडूची रेघ ओढून गाडी पुन्हा पुन्हा सोडूनच सापडते.

आता बॅटरीचा किस्सा सांगतो कारण यात खरी मजा आहे. पोरांचा एक गट आला, सर, प्रोग्राम बिघडला, मोटर फिरायला लागली की बोर्ड बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चौघंजण कोड वाचत बसले होते, ओळ न ओळ. एक पोरगी मात्र व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर घेऊन बसली, बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला आणि ग्राउंडला, म्हणजे मायनसला, प्रोब लावले आणि म्हणाली चालू करा. मोटर सुरू होताच आकडा झर्रकन खाली. म्हणे, "सर, आमच्या डीपीवर शेजारच्याची मोटर सुरू झाली का घरचा बल्ब असाच बारीक होते." बरोबर तेच! रेडिओत घालतात ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी, तिच्या आतलाच रोध जास्त, मोटर सुरू होताना जो करंट ओढते तो तिला झेपत नाही, व्होल्टेज पडते, आणि बोर्डाला वाटते लाईट गेली. मोटरला वेगळी बॅटरी दिली, दोन्हीचे ग्राउंड मात्र एकत्र जोडले, गाडी चालली. कोडमध्ये एक अक्षर बदललं नाही. तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे, आधी बॅटरी, मंग वायर, मंग मोटर, आणि सगळ्यात शेवटी कोड.

आपल्या उन्हाचाही विचार करावा लागते बरं का. काळ्या रेघेवरून चालणारी गाडी वर्गात झकास चालते आणि व्हरांड्यात आणली की पागल होते. तिचा सेन्सर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, उजेड खाली टाकते, पांढऱ्यावरून तो परत येते, काळ्यावरून येत नाही, आणि उन्हात तर इन्फ्रारेड भरपूर, मंग त्याला सगळंच पांढरं. पोरांनी सेन्सरभोवती सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, काम झालं. अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर त्याहून भारी. तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडते आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढते. आता नेहमीच्या प्रोग्राममध्ये आवाजाचा वेग धरलेला असते सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे २० अंशाच्या हवेतला. आमचा पत्र्याचा वर्ग एप्रिलमध्ये, ४५ अंश धरा, तिथं आवाज पळते ३५९ च्या आसपास, म्हणून टेपनं नीट मोजलेली एक मीटरवरची भिंत त्याला ९५-९६ सेंटिमीटरवर दिसते. डिसेंबरच्या सकाळी तीच भिंत १०१ वर. विज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत असते की तापमान वाढलं की आवाजाचा वेग वाढते, ती ओळ इथं पोरं स्वतः पकडतात आणि वर थर्मामीटर आणून प्रोग्राम दुरुस्त करतात.

हे काही मी नवीन सांगत नाही. वर्धा आपल्यापासून लांब नाही, ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथं गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, मंग झाकीर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला, त्यात हाताचं काम शाळेच्या मधोमध होतं, त्यातूनच गणित, त्यातूनच विज्ञान. पोरांनी केलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च काढायचा ही त्यातली गोष्ट मला कधी पटली नाही, पण बाकीचं पटते. तिकडं पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून हाताच्या कामातूनच शिकवतात.

(एका पालकांचा प्रश्न: आमच्या गावच्या शाळेत लॅब नाही, मंग काय करायचं?)

लॅबची वाट पाहू नका. तालुक्याला कॉम्प्युटर रिपेअरवाल्याकडे बंद पडलेला प्रिंटर भंगारात भेटते, तो आणा आणि पोरांना खोलू द्या, त्यात मोटर आहे, गिअर आहे, पट्टा आहे, गुळगुळीत दांडा आहे. आर्डुइनोसारखा बोर्ड, बोर्डाच्या हुकमावर मोटरला करंट देणारा मोटर ड्रायव्हर, दोन मोटर, दोन सेन्सर हे हजार-दीड हजारात बसते, चार-पाच पोरांत एक संच पुरते. मल्टिमीटर मात्र वेगळा घ्या, स्वस्तातला चालते, पण तो घ्याच. आणि खोलताना स्क्रू एका वाटीत ठेवायला सांगा, नाहीतर घरचे आधी तुमच्यावरच ओरडतील.