शंभर टन खडक, पाच टन धागा

श्रोतेहो, नमस्कार. गोठ्यावर, शेडवर दिसणाऱ्या जुन्या राखाडी सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा असतो. त्यातला बराच माल एके काळी कॅनडातून यायचा, क्वेबेक प्रांतातल्या शेतकऱ्यांच्या मुलखातून.

१८७६ साली थेटफर्ड इथे जोसेफ फेक्तो या शेतकऱ्याला हिरवट खडकात पांढऱ्या शिरा दिसल्या, असं सांगतात. नखाने खरवडलं की दगडातून कापसासारखे धागे सुटत, आणि ते जळत नसत. हा खडक सर्पेंटाइन, धागा क्रायसोटाइल, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचाच एक प्रकार. दोनेक वर्षांत खोदाई सुरू झाली.

अ‍ॅस्बेस्टॉस चुंबकाला दाद देत नाही. पण खडकाचं सर्पेंटाइन होताना त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज तयार होतं, म्हणून चुंबकमापक घेऊन फिरलं की पट्टा सापडतो. मग हिऱ्याच्या ड्रिलने दगडाची कांडी काढून तिच्यावरची एकेक शीर मोजायची. धागे शिरेत आडवे असतात, त्यामुळे शिरेची रुंदी हीच धाग्याची लांबी. फसगत होते ती अशी: ड्रिल शिरेच्याच दिशेने उतरलं तर कांडीभर धागा दिसतो, आणि खाण आहे त्याहून श्रीमंत वाटते.

लांब धागा आधी हातोडीने ठोकून दगडापासून सोडवत. शेडमध्ये बसून हे काम बायका-मुलीही करत. पाऊण इंच आणि त्याहून लांब तो ‘क्रूड नंबर १’. आखूड धाग्यासाठी गिरण्या आल्या. दगड फोडायचा, वाळवायचा, पुन्हा चुरायचा, हलत्या चाळणीवर सोडायचा. फुललेला धागा हलका होऊन वर येतो, तो हवेने शोषून घ्यायचा. दगड ओला राहिला तर धागा गोळा होतो, फुलत नाही. १०० टन खडकामागे साधारण ५ टन धागा निघे, उरलेल्याचे गावाशेजारी डोंगर झाले.

म्हणजे धाग्याला किंमत यायची ती फुलल्यावर, आणि धूळ उडायची तीही फुलवतानाच. तागाच्या गोण्यांतूनही ती गळत राही. हा बारीक तंतू फुप्फुसात रुततो आणि आजार कित्येकदा २० ते ४० वर्षांनी वर येतो. १४ फेब्रुवारी १९४९ ला सुमारे ५,००० खाणकामगार संपावर गेले. पगारवाढीइतकीच धूळ आवरण्याची मागणी होती. संप चार महिन्यांहून जास्त चालला, पण धुळीबाबत पदरात फारसं काही पडलं नाही.

पुढे कॅनडा आपल्या इमारतींतून हा धागा काढून टाकत होता आणि आपल्यासारख्या देशांना विकतही होता. हा अन्यायच होता. तिथलं उत्पादन २०११ च्या अखेरीस थांबलं, बंदी २०१८ च्या शेवटी आली. ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ नावाच्या गावानेही २०२० साली नाव बदलून ‘वाल-दे-सूर्स’ केलं.

आपले पत्रे मात्र अजून छपरावर आहेत. शाबूत पत्र्यात धागा सिमेंटमध्ये अडकलेला असतो. त्याला कोरडं भोक पाडू नका, कटर लावू नका, शेवाळ ब्रशने खरडू नका. उतरवायचाच झाला तर आधी पाणी मारून नीट भिजवा, हुकांचे नट सोडवा आणि पत्रा अख्खा खाली घ्या, वरून टाकू नका. ओला धागा उडत नाही. गिरणीत जी अडचण होती, ती इथे आपल्या कामाची आहे.