गिअरबॉक्स उतरवण्याआधी

(दृश्य : गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. कॅमेरा क्लचच्या पेडलवर.)

एक बारीक घरघर ऐकू येतेय. आता पायाकडे बघा. क्लच दाबला, घरघर थांबली. सोडला, पुन्हा सुरू. क्लच दाबला की गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनची फिरकी आत नेणारा दांडा, फिरायचा थांबतो, म्हणून पहिला संशय त्याच्या बेअरिंगवर. उलट, दाबल्यावरच आवाज येत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, गेलंय. आवाजाची नक्कल करून दाखवण्यात लोक फार वेळ घालवतात. तो कधी येतो आणि कधी जातो एवढं नीट सांगितलं, तर मेकॅनिकचं निम्मं काम होतं.

(दृश्य : गिअरच्या दांडीवर हात.)

गिअर पडत नाही, ही दुसरी तक्रार. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना अलगद पडतात, पण चालू केल्यावर दांडी अडते आणि रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो? मग क्लच पूर्ण सुटत नाहीये. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारा भाग, नसतो, त्यामुळे क्लचचं दुखणं तिथे आधी कळतं. केबल सैल झाली असेल, किंवा हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा शिरली असेल. गिअरबॉक्सला हात लावायची गरजच नाही.

इंजिन बंद असतानाही दांडी अडते? आधी दांडीखालच्या केबल आणि बुश तपासा.

एकच गिअर, समजा तिसरा, दर वेळी खरखरत असेल तर मात्र दोष आत आहे. सिंक्रोनायझरची पितळी रिंग गिअरच्या शंकूवर घासून दोघांचा वेग जुळवते. ती झिजली की वेग जुळायच्या आतच दात एकमेकांवर आपटतात.

(दृश्य : गाडी स्टँडवर. खालून गिअरबॉक्स.)

गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरायचं नाही. स्टँड लावलेत, आता बघू.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत, तिथे खालच्या कडेला थेंब लोंबतोय. पण तेल तिथूनच गळतंय असं नाही. तेल वरून ओघळतं आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरतं. शिवाय याच जागी इंजिनचं मागचं सील आणि गिअरबॉक्सचं इनपुट सील, दोन्ही गळू शकतात. थेंब बोटावर घ्या, वास घ्या. गिअर ऑइलला बहुतेक वेळा गंधकासारखा उग्र दर्प असतो, वापरलेलं इंजिन ऑइल काळपट आणि जळकट वासाचं. काही गिअरबॉक्समध्ये लालसर पातळ तेल घालतात, तेव्हा गाडीचं मॅन्युअल आधी उघडा.

तरी खात्री होत नसेल तर सगळा भाग धुऊन कोरडा करायचा, वर टाल्कम पावडर मारायची आणि गाडी थोडी फिरवून आणायची. पांढऱ्यावर उमटलेली ओली रेघ वर जिथे सुरू होते, तीच गळतीची जागा. कधी एक्सलचं सील, कधी रिव्हर्स लाइटचा स्विच, कधी नुसता ड्रेन प्लगचा वायसर.

आणि हा ब्रीदर, गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारी वाट. मातीने बुजला की गरम झालेल्या गिअरबॉक्समध्ये दाब साठतो आणि सीलमधून तेल बाहेर ढकललं जातं. नवीन सील टाकूनही गळती परतली, तर आधी इथे बघा. ही तपासणी राहून जाते, कारण ब्रीदर वर, डोळ्याआड असतो.

(दृश्य : ड्रेन प्लगचं चुंबक, अगदी जवळून.)

चुंबकावरचा राखाडी, मऊ लेप ही नेहमीची झीज. लोखंडाचे तुकडे निघाले तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल. पितळ चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे काढलेलं तेल उजेडात धरा. सोनेरी चमचम दिसली तर रिंगा झिजताहेत.

एक मात्र, ड्रेन प्लगच्या आधी तेल भरायचा प्लग सोडवून घ्या. तेल काढून टाकलं आणि मग तोच जाम निघाला, तर गाडी जागेवरच अडकते. तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच घाला; जीएल-४ ग्रेडचं गिअर ऑइल सांगितलं असताना जीएल-५ ओतलं, तर त्यातली काही रसायनं पितळी रिंगा खातात. बहुतेक गिअरबॉक्समध्ये गाडी सपाटीवर ठेवून तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल भरतात. जास्तीचं तेल निथळू द्या, मग प्लग लावा.