आधी टॉवर, मग मोबाईल

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, मी मोबाईल विकत नाही, दुरुस्त करतो. तुम्ही कोणता फोन घेता यात मला नफा नाही. खरं तर तुम्ही फसलात तर माझाच धंदा वाढतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

इथं बऱ्याच जणांच्या खिशात अजून बटनाचा फोन आहे, आणि त्याला नावं ठेवायला मी आलेलो नाही. चार्जिंग चार-पाच दिवस पुरतं, पऱ्हाटीत पडला तरी पुसला की चालतो, रात्री ओलित करायला जाताना वेगळा टॉर्च न्यावा लागत नाही. 2003 साली नोकियाचा 1100 आला, टॉर्चवाला, धूळ आत जाऊ नये असं कीपॅड असलेला. जगभर 25 कोटींच्या आसपास विकला गेला. तो फोन वाईट झाला म्हणून आपण बदलत नाही आहोत, कामं बदलली म्हणून बदलतो आहोत. 2021 च्या खरिपापासून आपला पीकपेरा आपणच ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर नोंदवायचा आहे, तेही वावरात उभं राहून फोटो काढून. 2025 च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी आली. लांब धाग्याला 8110 रुपये क्विंटल जाहीर, पण दार मोबाईलमधून. पोरगा करून देतो म्हणाल, तर पोरगा पुण्याला.

तर फोन घ्यायचाच आहे. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘बजेट किती?’ तुम्ही म्हणता दहा-बारा हजार. मग काउंटरवर चार डबे येतात, प्रत्येकावर मोठमोठे आकडे, आणि ज्या डब्यावरचा आकडा मोठा तो घरी येतो. माझं म्हणणं असं, की दुकानात जायच्या आधी निम्मं काम वावरात करा. तुमच्या घरी, गोठ्यात आणि मुख्य म्हणजे त्या धुऱ्यावर कोणाची रेंज येते ते पाहा. शेजाऱ्याचा स्मार्टफोन घ्या, वावरभर फिरा. सिम आधी ठरवा, फोन नंतर.

काहून म्हणाल, तर टॉवरच्या लहरी सगळ्या सारख्या नसतात. मेगाहर्ट्झचा आकडा लहान तितकी लहर लांब जाते, झाडाझुडपांतून, भिंतीतून पार होते. आकडा मोठा तितका वेग जास्त, पण पल्ला कमी. जिओ 850, 1800 आणि 2300 वर 4जी चालवतं. त्याचं 2जी किंवा 3जी नाहीच, त्यामुळे बोलणंसुद्धा 4जी वरूनच होतं. बीएसएनएलनं 27 सप्टेंबर 2025 ला स्वदेशी 4जी देशभर सुरू केलं, ते मुख्यतः 700 आणि 2100 वर. या 700 ला फोनच्या भाषेत ‘बँड 28’ म्हणतात. बीएसएनएलचं सिम घालणार असाल तर फोनच्या माहितीत 4जी च्या यादीत हा 28 आहे का ते वाचूनच घ्या, विशेषतः फोन जुना किंवा दुसऱ्याच्या हातचा असेल तेव्हा. फोनमध्ये तो बँड नसेल तर टॉवर समोर दिसत असूनही फोन त्याच्याशी बोलणार नाही. मग लोक माझ्याकडे येतात, ‘नेटवर्क आयसी, म्हणजे रेंज पकडणारी चिप, गेली का पाहा’. आयसी चांगली असते जी, बँडच नसतो.

5जी चं काय, असं आत्ताच एका भाऊंनी विचारलं. 5जी आपल्या देशात ऑक्टोबर 2022 ला आलं. त्याचा खरा वेग 3500 मेगाहर्ट्झवर मिळतो आणि ती लहर फार दूर जात नाही. तुमच्या गावात 5जी दिसत नसेल तर केवळ त्या अक्षरांसाठी दोन हजार जास्त देऊ नका. पण तेवढ्याच किमतीत 5जी मिळत असेल तर घ्या, कारण हा फोन तुम्ही चार-पाच वर्षं वापरणार आहात, आणि तोवर टॉवर बदलतील.

आता डब्यावरचे आकडे. त्यात सगळ्यात खोटा आकडा रॅमचा, म्हणजे चालू कामासाठी फोन वापरतो त्या वेगवान मेमरीचा. ‘8 जीबी रॅम’ लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात ‘4+4’. खरी रॅम चारच. उरलेली चार स्टोरेजमधून, म्हणजे फोटो-फाईली साठवायच्या जागेतून, उसनी घेतलेली, आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू. कॅमेऱ्याचंही तसंच. 50 मेगापिक्सेलचा कॅमेरा रोजच्या वापरात चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. ते चूक नाही, फोटो त्यामुळे चांगलाच येतो. फक्त त्या पन्नासावर पैसे ओतू नका. सोयाबीनच्या पानावर कोणता रोग आहे हे कृषी सहायकाला पाठवायला साधा कॅमेराही पुरतो.

विचारायचं ते स्टोरेजचा प्रकार. ईएमएमसी की यूएफएस? ईएमएमसी एका वेळी एकच काम करते, वाचते नाहीतर लिहिते. यूएफएस दोन्ही एकदम करते आणि जुन्या यूएफएस 2.2 चाही वेग ईएमएमसीच्या तीन-चार पट. ‘फोन वर्षभरात अटकायला लागला’ म्हणून माझ्याकडे जे फोन येतात ते बहुतेक ईएमएमसीवाले, तेही व्हॉट्सअ‍ॅपच्या शुभ सकाळांनी गच्च भरलेले. दुकानदाराला हा प्रश्न विचारा. त्याला उत्तर येत नसेल तर त्याच्याच मोबाईलवर मॉडेलचं नाव टाकून शोधायला लावा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

स्क्रीनसाठी एकच परीक्षा. दाखवायला ठेवलेला फोन हातात घ्या आणि दुकानाबाहेर उन्हात जा. आत एसीमध्ये सगळेच फोन चकाचक दिसतात. वावरात दुपारी बारा वाजता पीक पाहणीचा नकाशा दिसला नाही तर काय उपयोग? दुकानदार बाहेर नेऊ देत नसेल तर दुसरं दुकान बघा. आणि एक, अ‍ॅमोलेड स्क्रीन दिसायला छान, पण फुटली की फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खी स्क्रीन, महाग बसतं. मी बसवतो म्हणून सांगतो. साध्या एलसीडीचं फोल्डर बरंच स्वस्त पडतं, आणि आपल्याकडे फोन पडतातच, बैलगाडीवरून, ट्रॅक्टरवरून.

ऊन हा आपल्याकडचा वेगळाच विषय. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी पंचेचाळीसच्या पुढे जातात. फोनमधली लिथियमची बॅटरी साधारण पंचेचाळीस अंशांपर्यंतच नीट चार्ज होते. त्यावर गेली की फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो किंवा हळू करतो, स्क्रीन मंद होते. ‘चार्जर खराब झाला’ म्हणून माणूस नवीन चार्जर घेऊन येतो. टिनाखाली, खिडकीत, ट्रॅक्टरच्या डॅशवर ठेवून चार्ज करू नका. फोन फुगलेला दिसला की वापर थांबवायचा, टोचायचं नाही, दाबायचं नाही. रात्री लाईन आली की लावून ठेवा, पाच हजार एमएएचची बॅटरी आपल्यासारख्याला दिवस-दीड दिवस पुरते. बटनाच्या फोनसारखे पाच दिवस मात्र विसरा.

आता ज्याच्याकडे कोणी पाहत नाही तो भाग, अपडेट. फोनची कंपनी किती वर्षं सुरक्षेचे अपडेट देणार हे ठरलेलं असतं. काही स्वस्त फोनना दोन-तीन वर्षं मिळतात. सॅमसंगनं 2024 मध्ये आणलेल्या गॅलेक्सी ए16 5जी ला सहा वर्षांचं आश्वासन दिलं. यात मेख अशी, की वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळतो तो बरेचदा दोन वर्षं जुना, म्हणजे त्याचं आयुष्य आधीच वापरलेलं. अपडेट थांबले की फोन लगेच मरत नाही, पण पुढे बँकेचं अ‍ॅप एके दिवशी उघडायचं नाकारतं. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा, सिक्युरिटी पॅचची, म्हणजे शेवटच्या सुरक्षा अपडेटची, तारीख पाहा. शोरूममधल्या नव्या फोनवर वर्षापूर्वीची तारीख असेल आणि नवं अपडेट येतच नसेल, तर पैसे खिशात ठेवा.

जुना फोन घेणाऱ्यांसाठी एवढंच. *#06# दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, काढा, इंग्रजीत ‘KYM’ लिहून जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर 14422 वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळेल. डब्यावरचा नंबर आणि स्क्रीनवरचा नंबर एकच हवा.

हप्त्यावर घेणाऱ्यांनी कागद वाचावा. ‘झिरो टक्के’ म्हणतात आणि फाईल चार्ज घेतात. शिवाय हप्ता चुकला तर फोन दुरूनच लॉक होईल असं अ‍ॅप टाकून देतात. कापसाचे पैसे कधी येतील हे आपल्या हातात नसतं, हप्त्याची तारीख मात्र ठरलेली असते.

शेवटी एक गोष्ट माझ्या आग्रहाची. बटनाचा फोन फेकू नका. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका म्हणून, नाहीतर पीएम किसानच्या नावानं एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी फाईल, येते. दाबली की ते अ‍ॅप तुमचे एसएमएस वाचतं, ओटीपी चोरतं. म्हणून ज्या खात्यात कापसाचे, सोयाबीनचे मोठे पैसे येतात त्याला जोडलेला मोबाईल नंबर बटनाच्या फोनमध्येच राहू द्या. त्यावर एपीके चालतच नाही. स्मार्टफोनमध्ये दुसरं सिम, त्याला जोडलेलं दुसरं छोटं खातं, आणि यूपीआय त्यावर. यूपीआयला खात्याला जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये लागतं, म्हणून खातं वेगळंच काढावं लागेल. दोन खाती सांभाळायचा त्रास आहे, मान्य. तरी करा. त्यातूनही काही झालं तर 1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लवकरात लवकर, दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता.

आणि एकच सिम नव्या फोनमध्ये नेणार असाल तर आधी साठवलेले नंबर कुठे आहेत ते पाहून घ्या. बटनाच्या फोनमध्ये बरेच नंबर फोनच्या मेमरीत असतात, सिममध्ये नसतात. मेनूमध्ये ‘सिमवर कॉपी करा’ असं असतं, ते करा. सिममध्ये साधारण अडीचशे नावं मावतात. नावं लांब असतील तर कापली जातात, ‘गजानन भाऊ ट्रॅक्टरवाले’चं ‘गजानन भाऊ ट्’ होतं. तेव्हा जे गजानन दोन-तीन आहेत त्यांचे नंबर वहीवर लिहून घ्या.